धर्माची गाय आणि भेटीचा घोडा

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकात अखेरच्या पानांवर वाक्प्रचारांची एक यादी असते. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ. या यादीत प्राण्यांची गर्दी मोठी. घोडा, कुत्रा, मांजर, डुक्कर, बैल, मेंढी, उंदीर, मगर असे एकामागून एक येत राहतात. विद्यार्थी ती यादी पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि परीक्षा संपताच विसरतात. यात त्यांचा दोष थोडा. प्राण्याचा आणि अर्थाचा संबंध त्यांना कोणी दाखवलेलाच नसतो. 'टू बाय अ पिग इन अ पोक' म्हणजे वस्तू न पाहता व्यवहार करणे, एवढे पाठ करता येते. परंतु डुक्करच का आणि ते पोत्यातच का, हे ठाऊक नसेल तर तो अर्थ मनात टिकत नाही आणि योग्य जागी वापरताही येत नाही.

हा प्रश्न बेळगाव तालुक्यातील कडोलीसारख्या गावातून पाहिला तर अधिक स्पष्ट दिसतो. बेळगाव शहरापासून जवळच असलेले हे शेतकऱ्यांचे गाव सीमाभागातील मराठी वाचकांना साहित्य संमेलनामुळे परिचित आहे. कडोली मराठी साहित्य संघाच्या वतीने येथे तीन दशकांहून अधिक काळ संमेलन भरत आले आहे, आणि उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी अशा आसपासच्या गावांतही तशी संमेलने होत असतात. या पट्ट्यातील भाजीपाला चोर्ला घाट उतरून गोव्याच्या बाजारात येतो, त्यामुळे गोमंतकीयांशीही त्याचे रोजचे नाते आहे.

अशा गावातील नववी-दहावीच्या मुलीची कल्पना करावी. घरात आणि गोठ्यात तिची भाषा मराठी. बाजारात, बसमध्ये आणि कचेरीत कन्नड. शाळेत या दोन्हींबरोबर इंग्रजी. घरची म्हैस ती लहानपणापासून ओळखते, कर्नाटकी बेंदराला बैलांची शिंगे रंगवलेली तिने पाहिली आहेत, आणि दिवाळीच्या पाडव्याला बेळगावात सजवलेल्या म्हशी पळवतात हेही तिला माहीत आहे. प्राण्यांवरून घडलेला वाक्प्रचार समजण्यासाठी लागणारी सामग्री शहरातील मुलापेक्षा तिच्यापाशी अधिक आहे. तरीही इंग्रजी यादी तिला परकी वाटते, कारण ते वाक्प्रचार तिच्यासमोर शब्द म्हणून येतात, प्रसंग म्हणून येत नाहीत.

वास्तविक प्रत्येक प्राणिवाचक वाक्प्रचार हा मुळात कुठल्या तरी बाजारातला, शेतातला किंवा जुन्या कथेतला एक प्रसंग असतो. तो प्रसंग आधी पाहिला की अर्थ आपोआप हाती येतो. त्याहून महत्त्वाचे असे की त्याच प्रसंगाला मराठीने काय नाव दिले आहे, तेही आठवू लागते.

बाजारातले प्राणी

'डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ' ही म्हण घ्या. भेट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात डोकावू नये, असा तिचा शब्दार्थ. घोड्याचे वय त्याच्या दातांवरून कळते. वय वाढते तशा दातांच्या पृष्ठभागावरील खुणा झिजत जातात आणि दात पुढे झुकलेले, लांब दिसू लागतात. विकत घेणारा माणूस म्हणूनच आधी घोड्याचे तोंड उघडून पाहतो. पण घोडा भेट मिळाला असेल तर त्याचे वय तपासणे म्हणजे देणाऱ्याचा अपमान. ही म्हण मूळची इंग्रजीही नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांनी ती लॅटिनमध्ये लिहिली, तेव्हाच ती लोकांच्या तोंडी रुळलेली होती. इंग्रजीत जॉन हेवूड यांच्या १५४६ च्या म्हणींच्या संग्रहात ती आढळते.

आता आपल्या जनावरांच्या बाजाराकडे वळू. बैलाचा भाव ठरवण्यापूर्वी जाणता शेतकरी त्याचा जबडा उघडतो. गुरांना पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, एकूण आठ. साधारण दोन वर्षांनंतर दुधाच्या दातांच्या जागी पक्क्या दातांची एकेक जोडी येऊ लागते. पक्का दात न आलेला खोंड तो आदत, दोन दात आलेला दुसा, चार आलेला चौसा आणि सगळे दात आलेला बैल जुळलेला, अशी ही भाषा आहे. ज्या समाजाला दातांची इतकी बारीक ओळख, त्याने म्हण तयार केली 'धर्माची गाय आणि दात का गं नाय'. येथे धर्म म्हणजे दान. दानात मिळालेल्या गाईचे दात मोजणाऱ्याची थट्टा या म्हणीत आहे. इंग्रजीत घोडा आहे आणि मराठीत गाय, एवढाच फरक. दोन्हीकडच्या माणसांनी जनावराचे तोंड उघडून वय पाहिले आणि दोन्हीकडे तीच जाण निर्माण झाली. ज्या मुलीने बैलाचे दात पाहणारा गिऱ्हाईक पाहिला आहे, तिला ही इंग्रजी म्हण पाठ करावी लागू नये.

'पिग इन अ पोक'मधील पोक म्हणजे पोते किंवा पिशवी. इंग्रजीतील पॉकेट हा शब्द त्याच कुळातला. जुन्या बाजारात डुकराचे पिल्लू पोत्यात घालून विकत. पोते न उघडता पैसे देणारा गिऱ्हाईक फसण्याची शक्यता मोठी. मराठीत हाच प्रसंग पोत्याऐवजी पाण्यात घडतो. 'पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल' असे आपण म्हणतो. डबक्यात बसलेल्या म्हशीची शिंगे आणि नाकपुड्या तेवढ्या वर दिसतात. तिचे पाय धड आहेत का, कास कशी आहे, हे काठावर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही, आणि तरीही तो किंमत ठरवू पाहतो. न पाहिलेल्या वस्तूचा व्यवहार कसा असतो हे याहून नेमके सांगता येणार नाही.

तिसरे उदाहरण गोठ्याचे. 'टू लॉक द स्टेबल डोअर आफ्टर द हॉर्स हॅज बोल्टेड', म्हणजे घोडा पळून गेल्यावर तबेल्याला कुलूप लावणे. मराठीत 'बैल गेला आणि झोपा केला'. येथे झोपा या शब्दाचा निद्रेशी काही संबंध नाही. काटक्या, बांबू किंवा काटेरी फांद्या विणून केलेले गोठ्याचे दार म्हणजे झोपा. बैल निघून गेल्यानंतर ते दार लावण्यात काय अर्थ? कन्नडमध्ये हीच गोष्ट, गाव लुटून गेल्यावर किल्ल्याचा दरवाजा लावला, अशा शब्दांत सांगतात. तेथे प्राणी नाही, पण प्रसंगाचे रूप तेच. इंग्रजीचा विद्यार्थी तबेल्याचे कुलूप पाठ करत असताना त्याला स्वतःच्या भाषेतला झोपा कळत नसेल, तर दोन्ही म्हणी त्याच्यासाठी सारख्याच अगम्य ठरतात.

एक विचार, तीन जनावरे

ज्याला कदर नाही त्याच्यापुढे मोलाची गोष्ट ठेवणे व्यर्थ, हा अनुभव सर्वत्र सारखा. इंग्रजीत त्यासाठी 'टू कास्ट पर्ल्स बिफोर स्वाइन', म्हणजे डुकरांपुढे मोती टाकणे, असे म्हणतात. ही प्रतिमा बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानातून आली. कन्नडमध्ये 'कोणन मुंदे किन्नरी बारिसिदंते' म्हणतात. कोण म्हणजे रेडा आणि किन्नरी हे तंतुवाद्य. रेड्यापुढे किन्नरी वाजवल्यासारखे, असा त्याचा अर्थ. गाढवाला कस्तुरीचा सुगंध काय कळणार, अशीही एक कन्नड म्हण आहे. मराठीत 'गाढवाला गुळाची चव काय' आणि 'गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता'. हिंदीत म्हशीपुढे पुंगी वाजते.

ज्या समाजाला जे प्राणी परिचित, त्यांतला एक त्याने या कामासाठी निवडला. मोती, किन्नरी, कस्तुरी, गूळ आणि गीता या वस्तूंवरून त्या त्या समाजाने कशाला मोल दिले तेही कळते. सीमाभागातील मुलाला मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीनही प्रतिमा एकाच आठवड्यात ऐकायला मिळतात. भाषेच्या वादाने ग्रासलेल्या या भूमीतील मुलांकडे इतरांना सहज न मिळणारी ही मिळकत आहे. शाळेने तिची दखल घेतली तर एका वाक्प्रचारावरून तीन भाषा एकत्र शिकवता येतील.

जेथे प्राणी फसवतात

तथापि प्रत्येक वेळी जोडी इतकी सरळ जुळत नाही. प्राणी तोच, पण दोन समाजांत त्याचे मोल निराळे असेल, तर शब्दशः भाषांतर वाचकाला चुकीच्या वाटेने नेते.

'ब्लॅक शीप' म्हणजे कुटुंबाची मान खाली घालायला लावणारी व्यक्ती. इंग्लंडमध्ये पांढऱ्या लोकरीला हवा तो रंग देता येई. काळ्या लोकरीवर दुसरा रंग चढत नसे, म्हणून तिला भाव कमी. कळपात निपजलेली काळी मेंढी मालकाला नकोशी होई. अलीकडे मराठी लेखनात 'घराण्यातील काळी मेंढी' असे सर्रास लिहिले जाते. परंतु दख्खनच्या पठारावरील दख्खनी मेंढी ही प्रामुख्याने काळीच असते. तिच्या राठ, काळ्या लोकरीपासून सणगर घोंगडी विणतात. धनगराच्या खांद्यावरची, पावसात शेतकऱ्याच्या डोक्यावरची आणि देवापुढे अंथरायची घोंगडी ती हीच. ज्या प्रदेशात काळ्या मेंढीवर संसार चालले, तेथे तिला कलंकाचे प्रतीक करणे विपरीत आहे. त्यासाठी मराठीत 'कुळाला बट्टा लावणारा' हे शब्द आहेत. एकाच्या संगतीने सारे बिघडतात असे सांगायचे असेल तर 'एक नासका आंबा आढी नासवतो' ही म्हण आहे.

घोंगडीने मराठीला स्वतःचा एक समर्थ वाक्प्रचार दिला आहे. लोकरीचे घोंगडे एकदा भिजले की जड होते आणि लवकर वाळत नाही. त्यावरून वर्षानुवर्षे निकाली न निघणाऱ्या प्रकरणाला 'भिजत घोंगडे' म्हणतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून चालत आलेल्या आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या सीमाप्रश्नाविषयी लिहिताना मराठी वृत्तपत्रे हाच शब्द वापरत आली आहेत. काळ्या मेंढीने सीमाभागाला दिलेला हा शब्द इंग्रजीत तसाच नेता येणार नाही.

दुसरे उदाहरण मगरीचे. 'क्रोकोडाइल टिअर्स' म्हणजे खोटे अश्रू. मगर भक्ष्य खाताना रडते, असा युरोपात जुना समज होता. त्यात थोडे तथ्यही निघाले. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये मगरीच्या कुळातील केमन या प्राण्यांच्या डोळ्यांत खाताना पाणी येते असे नोंदवले. अर्थात ते दुःखाने येत नाही. मराठीत 'नक्राश्रू' हा शब्द आता पूर्ण रुळला आहे आणि तो टाळण्याचे कारण नाही. मात्र आपल्या लोकजीवनातील मगर ढोंगी नाही, हे गोमंतकीयांना वेगळे सांगायला नको. बोरी, दुर्भाट परिसरातील खाजन शेतीत पौष अमावास्येला मातीची मगर करून पुजली जाते. या 'मानगे थापणी'च्या विधीत मगर ही शेतीच्या बांधांची राखण करणारी आहे. एकाच प्राण्याला एका समाजाने ढोंगी ठरवले आणि दुसऱ्याने राखणदार.

तिसरे उदाहरण हत्तीचे. 'एलिफंट इन द रूम' म्हणजे सर्वांना दिसणारी, पण कोणीही बोलायला तयार नसलेली अडचण. 'खोलीतील हत्ती' असे त्याचे भाषांतर हल्ली भाषणांत आणि लेखांत दिसते. मराठी मनात हत्ती वेगळ्या ठिकाणी उभा असतो. दारी हत्ती झुलणे हे वैभवाचे लक्षण. 'हत्ती गेला आणि शेपूट राहिले' म्हणजे मोठे काम होऊन थोडेसे उरले. घरात शिरलेल्या हत्तीचे चित्र मराठी वाचकाला हसवील, पण त्यामागचे मौन त्याला कळेलच असे नाही. ते मौन सांगायला 'सगळ्यांचीच अळीमिळी गुपचिळी' हे शब्द पुरेसे आहेत.

'फिश आऊट ऑफ वॉटर'मध्ये तर फसगत अधिक सूक्ष्म आहे. इंग्रजीत तो अनोळखी वातावरणात अवघडलेला माणूस. संतांच्या वाणीवर वाढलेल्या मराठी कानाला पाण्यावेगळी मासोळी म्हटले की विरहाची तळमळ आठवते. नव्या कचेरीत बावरलेल्या कारकुनाला तसे म्हटले तर त्याच्या अवघडलेपणाला भक्तीची व्याकुळता चिकटते.

आलेले आणि रुळलेले

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. परभाषेतून वाक्प्रचार घेणे हा काही अपराध नाही. इंग्रजीने स्वतः तेच केले. बिबट्या, उंट, सिंह आणि मगर हे इंग्लंडच्या रानातले प्राणी नव्हेत. 'लेपर्ड कान्ट चेंज इट्स स्पॉट्स', म्हणजे बिबट्या अंगावरचे ठिपके बदलू शकत नाही, ही कल्पना बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातून आली. आपल्याकडे त्या जागी 'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच'.

मराठीनेही घेतले आणि पचवले. तंजावरला सरफोजी महाराजांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इसापच्या कथा मराठीत छापल्या गेल्या. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'इसापनीतिकथा' हे पुस्तक १८२८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर शालेय क्रमिक पुस्तकांतून या कथा घरोघरी पोचल्या. 'लांडगा आला रे आला' आणि 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' ही वाक्ये परकी आहेत असे आज कोणाला वाटत नाही, कारण कथाच आपली झाली.

'सिंहाचा वाटा' या शब्दाचा प्रवास यात सर्वात उद्बोधक. इसापच्या कथेत सिंह इतर प्राण्यांबरोबर शिकार करतो आणि वाटणीच्या वेळी निरनिराळी कारणे सांगून सर्व वाटे स्वतःच बळकावतो. इंग्रजीत 'लायन्स शेअर' म्हणजे सर्वात मोठा वाटा, आणि त्यात बळजबरीची छटा अनेकदा असते. मराठीत मात्र 'संस्थेच्या उभारणीत त्यांचा सिंहाचा वाटा आहे' असे आपण सत्कार समारंभात म्हणतो. घेण्याचा वाटा देण्याचा झाला आणि बळकावणारा सिंह राबणारा झाला. उसना वाक्प्रचार भाषेत मुरला की असे घडते.

'एका दगडात दोन पक्षी' हाही इंग्रजीवरून आलेला, पण चटकन रुजला. जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकणाऱ्या समाजाला दगड आणि पक्षी यांचा संबंध समजावून सांगावा लागला नाही. आलेल्या वाक्प्रचाराला येथील जीवनात जागा मिळाली की तो राहतो, नाही तर तो छापील कागदावरच राहतो.

काही नेहमीचे वाक्प्रचार

विद्यार्थ्यांना आणि पालकांना वारंवार भेटणारे आणखी काही वाक्प्रचार येथे देतो.

'टू टेक द बुल बाय द हॉर्न्स' म्हणजे संकटाला धीटपणे थेट भिडणे. मराठीतील 'शिंगावर घेणे' याच्या जवळचे, पण एक गंमत आहे. इंग्रजीत माणूस बैलाची शिंगे धरतो, मराठीत माणूस स्वतःच बैल होऊन प्रतिपक्षाला शिंगावर घेतो. उधळलेल्याला आवर घालायचा तर आपण 'वेसण घालतो'.

'बुल इन अ चायना शॉप' म्हणजे नाजूक प्रसंगी धसमुसळेपणा करून नासधूस करणारा. येथे चायना म्हणजे चीन देश नव्हे, चिनी मातीची भांडी. त्यासाठी 'माकडाच्या हाती कोलीत' लिहिणे चूक. त्या म्हणीत दोष बेजबाबदार माणसाच्या हाती धोक्याचे साधन देण्याचा आहे.

'वुल्फ इन शीप्स क्लोदिंग' म्हणजे सज्जनतेचा आव आणणारा दुष्ट. मराठीत 'गोमुखव्याघ्र'. मेंढीचे कातडे पांघरलेल्या लांडग्याऐवजी येथे गाईच्या तोंडाचा वाघ आहे.

'टू स्मेल अ रॅट' म्हणजे काहीतरी काळेबेरे असल्याचा संशय येणे. आपण म्हणतो, 'कुठेतरी पाणी मुरते आहे'. उंदराचा वास आणि भिंतीत मुरणारे पाणी, दोन्ही घरातलेच अनुभव.

'डार्क हॉर्स' म्हणजे ज्याच्या क्षमतेचा कोणालाच अंदाज नव्हता असा स्पर्धक. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतला. बेंजामिन डिझरायली यांच्या १८३१ च्या 'द यंग ड्यूक' या कादंबरीत तो आढळतो. त्याचे 'काळा घोडा' असे भाषांतर केले तर मराठी वाचक थेट मुंबईच्या त्या नावाच्या चौकात पोचेल.

'एव्हरी डॉग हॅज इट्स डे' म्हणजे प्रत्येकाचे दिवस कधी ना कधी पालटतात. मराठीत 'बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते'. येथे प्राणी गेला आणि उकिरडा आला, अर्थ मात्र कायम राहिला.

'लेट स्लीपिंग डॉग्ज लाय' म्हणजे निजलेल्या कुत्र्याला उठवू नये, शांत झालेले प्रकरण पुन्हा उकरू नये. 'खपली काढू नये' हे शब्द येथे अचूक बसतात.

'टू पुट द कार्ट बिफोर द हॉर्स' म्हणजे कामांचा क्रम उलटा करणे. घोडा दिसला म्हणून 'वरातीमागून घोडे' लिहू नये. त्यात उशीर आहे, उलटा क्रम नाही. 'आधी कळस मग पाया' हे त्याचे खरे मराठी रूप.

रंजक कथांपासून सावध

प्रसंग शोधताना एक पथ्य पाळावे लागते. अनेक वाक्प्रचारांच्या उत्पत्तीच्या रंजक कथा समाजमाध्यमांवर फिरत असतात आणि त्यांतील बहुतेकांना पुरावा नसतो. 'टू लेट द कॅट आऊट ऑफ द बॅग' म्हणजे गुपित फोडणे. पोत्यात डुकराऐवजी मांजर घालून गिऱ्हाइकाला फसवत असत, त्यावरून हा वाक्प्रचार आला, असे ठामपणे सांगितले जाते. कथा पटण्याजोगी आहे, पण तिला आधार देणारा जुना लेखी पुरावा मिळालेला नाही. मराठीत आपण 'बिंग फुटले' किंवा 'पितळ उघडे पडले' म्हणतो, तेवढे जाणणे पुरेसे.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'चेही तसेच. गवताच्या छपरात निजलेली कुत्री-मांजरे पावसात खाली घसरत, ही कथा निराधार आहे. जोनाथन स्विफ्ट यांच्या १७३८ च्या एका पुस्तकात हे शब्द आहेत, पण त्यांचे मूळ निश्चित नाही. चोर्ला घाटातला आषाढ अनुभवलेल्या माणसाला 'मुसळधार' हा शब्द उखळातल्या मुसळासह पुरतो.

गोठा रिकामा झाला की

आता प्रश्न आपल्याच घरचा. रेव्हरंड अल्फ्रेड मॅनवेरिंग या मिशनऱ्यांनी मराठी म्हणींचा इंग्रजी अनुवादासह संग्रह १८९९ मध्ये ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांना शेती आणि प्राणी या विषयांसाठी स्वतंत्र प्रकरणे करावी लागली. पुढे य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' १९४० च्या दशकात दोन विभागांत सिद्ध केला. म्हणी तेथे सुरक्षित आहेत. परंतु म्हण कोशात असणे आणि तोंडात असणे यांत अंतर आहे.

नांगर गेला आणि ट्रॅक्टर आला, तसे बैल कमी झाले. घराला लागून असलेला गोठा गाडीच्या शेडसाठी मोकळा झाला. मुले इंग्रजी माध्यमात जाऊ लागली. झोपा म्हणजे दार हे सांगणारी आजी आहे, पण तिला विचारणारे कोणी नाही. दुसऱ्या बाजूने भ्रमणध्वनीवरील यंत्रानुवादातून 'मेलेल्या घोड्याला चाबूक मारणे' आणि 'खोलीतील हत्ती' तयार होऊन येतात. त्यामुळे मुलाकडे इंग्रजी वाक्प्रचार अर्थाविना राहतो आणि मराठी वाक्प्रचार प्रसंगाविना. ज्या सीमाभागात मराठी शाळेसाठी, मराठी फलकासाठी झगडावे लागते, तेथे ही हानी कोणाच्या बंदीमुळे होत नाही. ती आपल्या दुर्लक्षाने होते, आणि गोव्यातील मराठी घरांनाही तिचा अनुभव असेलच.

उपाय खर्चिक नाही. शिक्षकाने किंवा पालकाने प्रत्येक वाक्प्रचारापाशी तीन प्रश्न विचारावेत. हा प्राणी येथे काय करतो आहे? ज्यांनी हे शब्द घडवले त्यांना हा प्राणी कशासाठी लागत होता? आणि असाच प्रसंग आपल्या घरी घडला तर आजी काय म्हणेल? पहिल्या दोन प्रश्नांनी इंग्रजी पक्की होते, तिसऱ्याने मराठी. कडोलीच्या परिसरात चौथाही प्रश्न विचारता येईल, की शेजारचे कन्नड काका याला काय म्हणतात?

आज संध्याकाळी घरातल्या मुलाला 'बैल गेला आणि झोपा केला' या म्हणीचा अर्थ विचारून पाहावा. बैल गेल्यावर शेतकरी झोपी गेला, असे उत्तर आले तर रागावू नये. जवळपास एखादा जुना गोठा शिल्लक असेल, तर त्याला तेथे घेऊन जावे आणि ते दार दाखवावे.